कुडावरची पांढरी पावडर

आमच्या घरातल्या जुन्या बायकांना, मुलं किती झाली, असं विचारलं की त्या दोन आकडे सांगत. झालेली किती आणि राहिलेली किती. "आठ झाली, तीन राहिली," आजी सांगायची. सांगताना तिचा आवाज हलायचा नाही, आणि लहानपणी मला त्याचंच जास्त भय वाटायचं. गेलेल्या पाचांतली तिघं थंडीतापाने गेली. त्यातलं एक सकाळी अंगणात खेळत होतं, दुपारी त्याला हिव भरलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं.

गाव खालापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. चहूकडे भाताची खाचरं आणि डोंगरातून उतरणारे लहान लहान ओढे. भाद्रपद सरत आला की ताप सुरू व्हायचा तो दिवाळी उलटेपर्यंत. कापणीचे दिवस नेमके हेच. आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, ते सांगायचे, "भात उभ्या उभ्या गळायचं आणि कापणारा गोधडीखाली कुडकुडत पडलेला." ताप दिवसाआड यायचा. म्हणजे माणूस एक दिवस कामावर आणि एक दिवस अंथरुणात. गडी ठरवताना हे गणित आधीच धरलेलं असे. मला नानांच्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत बोलकी वाटते. एक अख्खं गाव आजाराला इतकं सरावलं होतं की मजुरीच्या बोलीत तो बसवून टाकला होता.

उपाय काय होते? पोस्टात कोयनेलच्या म्हणजे क्विनीनच्या पुड्या मिळत, पण पोस्ट लांब आणि पैसे त्याहून लांब. ताप वर्षानुवर्षं येत राहिला की पानथरी म्हणजे प्लीहा वाढायची, पोट डाव्या अंगाला फुगून टणक व्हायचं. मग बिब्ब्याचे नाहीतर तापल्या सळीचे डाग. आजीच्या पोटावर ते होते. न्हाताना पाठ चोळून द्यायला गेलं की दिसायचे.

सरकारचं मोजमाप मात्र त्या पोटापर्यंत पोहोचलं होतं. नानांच्या शाळेत एकदा डॉक्टर आले. मुलांना पडवीत ओळीने निजवलं, सदरे वर करायला लावले आणि डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून एकेकाचं पोट चाचपलं. मुलांना वाटलं, कोण पोटभर जेवून आलंय ते बघतात, म्हणून काहींनी श्वास ओढून पोटं आत घेतली. ती खरी पानथरीची मोजणी होती. शंभर मुलांत किती जणांची पानथरी हाताला लागते, यावरून त्या गावात हिवताप किती मुरलाय ते ठरायचं. ना यंत्र लागायचं ना सूक्ष्मदर्शक, डॉक्टरची चार बोटं पुरत. सरकारी तपासणीची इतकी साधी आणि इतकी प्रामाणिक पद्धत मला दुसरी ठाऊक नाही. तिथे गावाला काही विचारण्याआधी गावाच्या अंगाला हात लावून पाहिलं जात होतं.

त्याच काळात दूरच्या देशांत डीडीटी नावाची एक पांढरी पावडर नावारूपाला येत होती. ऑथमार झाइडलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती १८७४ मध्येच तयार केली होती, पण तिचा उपयोग काय हे कळायला ६५ वर्षं लागली. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गायगी कंपनीत पॉल म्यूलर यांना दिसलं की कीटक तिच्यावर नुसता बसला तरी मरतो. महायुद्धात नेपल्स शहरातली टायफसची साथ सैनिकांनी आणि डॉक्टरांनी तिच्या जोरावर आटोक्यात आणली. १९४८ चं वैद्यकाचं नोबेल म्यूलर यांना मिळालं. आपल्याकडे मुंबई प्रांताच्या हिवताप विभागात डॉ. डी. के. विश्वनाथन होते. त्यांनी युद्ध संपता संपता, १९४५-४६ च्या सुमाराला, धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांतल्या खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून पाहिलं. सह्याद्रीच्या उतरणीवरची ती गावं आणि आमचं गाव यांत फारसा फरक नव्हता. तसेच ओढे, तसेच डास. तिथला ताप उतरला, आणि पुढे साऱ्या देशाची मोहीम आखताना त्या कामाचा आधार घेतला गेला.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि त्यातले आठ लाख दगावत, असा सरकारी अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर लवकरच फवारणीवाले आमच्या गावात आले. धाकटी आत्या तेव्हा पाळण्यात होती.

ही गोष्ट घरातला प्रत्येक जण वेगळी सांगायचा. आजीच्या गोष्टीत मडकी होती. सगळी मडकी, कांसं-पितळ, पाटा-वरवंटा, गोधड्या, पाळण्यासकट आत्या, सगळं अंगणात काढायला लावलं. देव मात्र आजीने काढले नाहीत, त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं आणि त्या कोपऱ्यात फवारू दिलं नाही. नानांच्या गोष्टीत पंप होता. एक माणूस पाय रोवून दांडा वरखाली करायचा, दुसरा लांब नळी घेऊन कारवीच्या कुडावर वरून खाली, खालून वर पट्टे मारत जायचा. आत, बाहेर, माळ्यावर, गोठ्यात. मग दाराशेजारी गेरूने तारीख आणि घराचा नंबर. आमच्या घराला नंबर पहिल्यांदा मिळाला तो असा, आणि नानांना त्याचा अभिमान होता.

यामागचा विचार सांगितला पाहिजे, कारण तो खरोखर हुशारीचा होता. हिवतापाचा डास रात्री माणसाचं रक्त पितो आणि जड होऊन जवळच्या भिंतीवर विसाव्याला बसतो. एक चौरस मीटर भिंतीवर एक ग्रॅम डीडीटी असलं तर ते त्याच्या पायांतून अंगात भिनतं आणि त्याच्या नसा बेभान होतात. माणसाच्या रक्तातून डासात गेलेला हिवतापाचा जंतू दुसऱ्याला देण्याजोगा व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्यात डास मेला की साखळी तुटली. प्रत्येक डास मारायची गरज नाही, प्रत्येक ओढा बुजवायची गरज नाही. वर्षातून दोनदा भिंती फवारायच्या. इतकी स्वस्त आणि इतकी सोपी गोष्ट त्याआधी गरिबांच्या वाट्याला आली नव्हती.

गुण आला. आत्या राहिली. तिच्यानंतरचा काका राहिला. आजीच्या तीन राहिलेल्या मुलांतली दोन फवारणीनंतर वाढलेली आहेत. देशात १९६१ मध्ये हिवतापाचे नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उरले. १९६५ मध्ये हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. डीडीटीबद्दल आज कुणी नुसतं विष म्हणून बोललं तर मला आत्या डोळ्यांसमोर दिसते, आणि मी त्या माणसाला थांबवतो.

पण आजीची गोष्ट इथे संपत नसे. पहिल्या वर्षी ढेकूण मेले. बाजेच्या फटीफटीतून गळून पडले, बायकांनी सुपाने भरून टाकले. गावाने फवारणीवाल्यांना खरी दाद दिली ती ढेकणांसाठी, कारण डास मेले की नाही ते कुणाला दिसत नव्हतं आणि ढेकूण दिसत होते. दोन-तीन वर्षं गेली आणि ढेकूण परत आले. नुसते परत आले नाहीत, पावडर उडाली की दुप्पट चवताळून बाहेर यायला लागले. आजी म्हणाली, "याला आता त्याची सवय झाली." तिने पुढच्या खेपेला निजायच्या खोलीत फवारू दिलं नाही. आळीतल्या इतर बायकांनीही दारं लावून घेतली. गेरूच्या तारखेपुढे, घर बंद, अशी नोंद झाली असणार.

हेच देशभर झालं. ढेकूण परतल्यामुळे लोक फवारणी नाकारतात, हे हिवताप खात्यातले अधिकारी जाणून होते, लिहीतही होते. त्यांनी ते लोकांच्या अडाणीपणात मोडलं. आजीच्या वाक्यात एक सावधगिरीची सूचना होती. ढेकणाला सवय होते, तर डासालाही होईल. १९५९ च्या सुमाराला तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात क्युलिसिफेसीस या जातीचा, खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास डीडीटीला दाद देत नसल्याचं आढळलं. शास्त्रज्ञांना हा धोका ठाऊक नव्हता असं नाही. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने जगातून हिवताप उखडण्याचा ठराव केला, त्यामागे हीच घाई होती. डास निर्ढावण्याआधी काम उरकायचं. आपल्याकडे १९५८ मध्ये नियंत्रण हा शब्द जाऊन निर्मूलन आला. प्रश्न असा, की त्या घाईत ढेकणाची बातमी मोजणीत का धरली गेली नाही? पोट चाचपणारी बोटं भिंतीला का लागली नाहीत?

सारवणाचंही तसंच. आमच्याकडे भिंत दिवाळीआधी, गौरी-गणपतीला आणि घरात कार्य निघालं की सारवली जाते. फवारणीवाले सांगून जात, अडीच-तीन महिने भिंतीला हात लावू नका. गौरी यायच्या आहेत आणि भिंतीवर पांढरे ओघळ, हे कुठली बाई चालवून घेईल? शेणामातीचा एक हात फिरला की डीडीटी त्याच्याखाली गाडलं जातं. शिवाय मातीची भिंत ते शोषूनही घेते. वेळापत्रक ठरवताना पंचांग उघडून पाहिलं असतं, चार म्हाताऱ्यांना विचारलं असतं, तर फवारणी सारवणानंतर ठेवता आली असती. मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. एखादं तंत्र प्रयोगशाळेत किती चांगलं आहे ही अर्धीच परीक्षा असते, उरलेली अर्धी बायकांच्या हातातल्या शेणगोळ्यापाशी होते.

आणि ती पावडर भिंतीवरच राहिली नाही. फवारणीवाल्यांना चहा दिला की ते मूठभर मागे ठेवून जात. आजीने ती आत्याच्या केसांत उवांसाठी चोळली, कणगीत पाखरू लागू नये म्हणून भाताच्या थरांमध्ये टाकली. असं करू नका, हे सांगायला कुणी आलं नाही. पिवळसर कागदातली ती पुडी माळ्यावरच्या तुळईत खोचलेली मी स्वतः पाहिली आहे.

भाऊकाका आमच्याच आळीतले. फवारणीच्या हंगामात ते रोजंदारीवर जात. बादलीत पावडर कालवायला काठी असायची, पण गोळ्या राहतात म्हणून ते कोपरापर्यंत हात घालून कालवत. त्याच हातांनी दुपारी भाकरी. नाकाला स्वतःचा पंचा. कुठल्या वर्षी किती घरं फवारली, किती सुटली, कितीजणांचा ताप गेला, याचे आकडे तालुक्याला जात, तिथून पुण्याला, तिथून दिल्लीला. भाऊकाकांच्या अंगात काय गेलं, ते एकाही तक्त्याच्या रकान्यात नव्हतं. त्यांचं रक्त कधी कुणी तपासलं नाही.

डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, आणि लवकर मोडत नाही. गवतातून गाईत, गाईतून दुधात, दुधातून माणसात ते साठत जातं. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं ते प्रामुख्याने शेतांवर आणि रानांवर विमानांतून होणाऱ्या बेसुमार फवारणीविरुद्ध. आजारांसाठी कीटकनाशक वापरूच नये असं त्यांनी म्हटलं नव्हतं. अंदाधुंद वापराने कीटक निर्ढावतील आणि हत्यार हातचं जाईल, असं त्या सांगत होत्या. १९६५ मध्ये दिल्लीतल्या लोकांच्या शरीरातली चरबी तपासली गेली, तेव्हा तिच्यातलं डीडीटी जगात तोवर आढळलेल्या मोठ्या प्रमाणांत गणलं गेलं. भिंतीवर फवारलेलं होतं, तसं भाजीपाल्यावर आणि धान्यावर फवारलेलंही होतं. पंचमहालच्या डासाला निर्ढावायला घरांच्या भिंतींनी शिकवलं तसं शेतांनीही शिकवलं. आरोग्य खातं एका बाजूने ज्या औषधावर विसंबून होतं, तेच औषध दुसऱ्या बाजूने शेती बोथट करत होती, आणि दोघांना एका टेबलाशी बसवणारं कुणी नव्हतं.

अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. त्याआधी सात महिने उघड सुनावणी चालली, सव्वाशे साक्षीदार झाले. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याचं मत बंदीच्या विरुद्ध होतं. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचे प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनी ते बाजूला ठेवून बंदीचा हुकूम काढला. त्या निर्णयावर अजून वाद आहेत आणि परदेशी पाठवायचा माल त्या हुकमातून मोकळा होता, हेही खरं. तरी साक्षी नोंदल्या गेल्या, उलटतपासणी झाली, कोण काय म्हणालं ते कागदावर राहिलं. आमच्या गावाची साक्ष कुठेच काढली गेली नाही, ना बाजूने ना विरुद्ध. काढली असती तर आजीने दोन्ही बाजूंनी दिली असती.

आपल्याकडे कायदा आला तो एका वेगळ्या शोकांतिकेमुळे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसं मेली. बोटीत विष आणि धान्य एकत्र लादलं होतं. चौकशी आयोग बसला, आणि त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. कीटकनाशक विकण्याआधी त्याची नोंदणी हवी, हे तेव्हा प्रथम ठरलं.

मी शाळेत होतो तेव्हा ताप परत आला. डीडीटी वेळेवर येईना, पंधरा दिवसांनी घरोघर फिरणारे कामगार फिरेनासे झाले होते, शहरांतल्या टाक्या आणि विहिरी मोहिमेतून सुटल्या होत्या, आणि डास निर्ढावला होता. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्या वर्षी आमच्या घरात ताई आजारी पडली. आजीने तिच्या डाव्या बरगडीखाली हात घालून पाहिलं, अगदी नानांच्या शाळेतल्या त्या डॉक्टरासारखं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ताई क्लोरोक्विनच्या कडू गोळ्यांनी बरी झाली. १९७७ मध्ये सरकारने सुधारित योजना आणली आणि निर्मूलनाचं ध्येय मागे ठेवून मृत्यू टाळण्यावर आणि ताप आवरण्यावर भर दिला. ही माघार होती आणि ती शहाणपणाची होती.

पुढचं लवकर सांगतो. आमच्या पंचक्रोशीतच, पाताळगंगेच्या काठी रसायनीत, हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा डीडीटीचा कारखाना उभा राहिला. १९८९ मध्ये शेतीत डीडीटी वापरायला बंदी झाली आणि ते फक्त आरोग्य खात्यापुरतं उरलं. आपण जिला गॅमॅक्सिन म्हणायचो ती बीएचसी ही दुसरी कीटकनाशक पावडर १९९७ मध्ये बंद झाली. लवकर न मोडणाऱ्या विषारी रसायनांवरचा स्टॉकहोम करार २००४ मध्ये अमलात आला, भारताने तो २००६ मध्ये मान्य केला, आणि त्यात रोगवाहक कीटकांपुरती डीडीटीला सवलत राहिली. त्याच २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या फवारणीसाठी डीडीटीला पुन्हा उघड पाठिंबा दिला. २०१५ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तिच्याच संस्थेने डीडीटीला, माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत बसवलं. दोन्ही निर्णयांना आधार होता. जिथे मूल आज तापाने मरतंय तिथला तराजू आणि जिथे ताप उरलेलाच नाही तिथला तराजू एक असू शकत नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत अजून हिवताप आहे, आणि तिथल्या आईपुढे युरोपातला निर्णय वाचून दाखवण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार डीडीटी वापरल्याची नाही. ते वापरलं म्हणून आत्या आणि काका आहेत. तक्रार मोजणीची आहे. पानथरी मोजली, डास मोजले, घरं मोजली. दूध मोजलं ते फार उशिरा. फवारणाऱ्याचा हात मोजलाच नाही. आणि ढेकणाविषयी, सारवणाविषयी, कणगीविषयी घरातल्या बाईला जे आधी कळलं होतं, त्याला पुरावा म्हणून जागा दिली नाही. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी आणि शेतमजूर मेले, तेव्हा पुन्हा हेच दिसलं. औषधं नोंदणी झालेली होती. माणसाच्या उंचीएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, उघडं अंग आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवायची रीत, हे सगळं ज्या वावरात घडतं ते वावर नोंदणीच्या कागदात नव्हतं.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या गावात जुने फवारणीवाले कुणी असतील, घरात फवारणी पाहिलेली म्हातारी माणसं असतील, तर त्यांचं ऐकून तारीखवार लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. भिंत फवारायला कुणी आलं तर औषधाचं नाव विचारा, भिंतीला किती दिवस हात लावायचा नाही ते विचारा, आणि फवारणाऱ्याच्या हातात मोजे नसतील तर ते ग्रामसभेत मांडा. शेतात फवारणार असाल तर डब्यावरचा त्रिकोण आधी पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल त्रिकोणाचा डबा असेल तर उघड्या हाताने कालवू नका, आणि मजुरालाही कालवू देऊ नका.